दोन इंचाची लाईन

शालिग्राम प्लंबरनं न्हाणीच्या भिंतीतून कापून काढलेला लोखंडी पाइपचा तुकडा डोळ्याला लावला, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "भाऊ, याच्यातून तं काईच दिसत नाई."

पंजाबरावांनी तुकडा त्याच्या हातून घेतला आणि स्वतः पाहिलं. दुसऱ्यानं पाहिलेलं त्यांना चालत नसे. पाइप बाहेरून चांगला अर्ध्या इंचाचा होता, पण आत गंज असा धरला होता की मधे काडेपेटीतली काडी जाईल न जाईल एवढंच भोक उरलं होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हाचा पाइप तो. त्यानं तरी किती दिवस काढायचे?

"पाह्य," पंजाबराव म्हणाले. "मी म्हनतच होतो. पाइप लहान, म्हून पानी लहान."

"लहान नाई भाऊ, बुजला."

"बुजला काहून? लहान होता म्हून बुजला. मोठा असता तं बुजाले आनखी चाळीस वर्सं लागले असते."

शालिग्रामनं कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर उगाच एक रेघ मारली.

पाइप या विषयात पंजाबरावांशी वाद घालायची शेलूबाजारात कोणाची प्राज्ञा नव्हती. अकरा एकर शेती, त्यातला चार एकर संत्रा, एक विहीर, दोन बोअर आणि जमिनीच्या वर-खाली पसरलेला पाइप किती, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. कोणाच्या शेतात मोटर फिरते पण पाणी पोचत नाही असं झालं की माणूस आधी पंजाबरावांकडे यायचा. ते जाऊन पाइपाकडे पाहायचे, त्याच्यावर टिचकी मारायचे आणि दरवेळी एकच निदान करायचे, की पाइप लहान पडला. आता खोटं कशाला बोला, दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. स्वतःच्या विहिरीवरचा दोन इंची काढून त्यांनी तीन इंची टाकला होता, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी धावत गेलं होतं. तेव्हापासून जगातल्या कोणत्याही पाण्याच्या अडचणीवर त्यांच्यापाशी औषध तयार असे.

यावेळी मात्र प्रश्न संत्र्याच्या झाडांचा नव्हता, कस्तुराबाईंचा होता. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन पंजाबरावांची बायको पाच आठवड्यांपासून अकोल्याला लेकीकडे, निकिताच्या फ्लॅटवर राहत होती. डॉक्टरनं बजावलं होतं की वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, आणि आंघोळ गरम पाण्यानं, स्टुलावर बसून. एकेचाळीस वर्षं कस्तुराबाईंनी मागच्या अंगणात चुलीवर गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी तापवलं होतं आणि बादल्यांनी न्हाणीत नेलं होतं. आधी सासऱ्यासाठी, मग नवऱ्यासाठी, मग लेकरांसाठी, आणि उरलंच तर स्वतःसाठी. अकोल्याच्या फ्लॅटमध्ये तोटी फिरवली की डोक्यावर गरम पाणी पडत होतं.

"मी आता इथंच बरी," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "तिथं येऊन पुन्हा त्या गंजापाशी बसू का?"

त्या हसत म्हणाल्या होत्या, पण पंजाबरावांना हसू आलं नाही. त्यांना घरात करमत नव्हतं. सून तनुजा वेळेवर चहा देत होती, गरम पोळी वाढत होती, गोळी घेतली का म्हणून विचारत होती, आणि तरी घर खायला उठत होतं. साठी उलटलेल्या माणसानं हे कोणाला सांगायचं? म्हणून त्यांनी दुसरंच सांगितलं.

"घरी सोलर बसवून राह्यलो," ते फोनवर म्हणाले. "तोटी फिरवली का गरम पानी. पंधरा दिवसानं गुरुवारी ये. नाई पटलं तं निकितासंगं वापस जाजो."

"वापस जाईन बरं," कस्तुराबाई म्हणाल्या. "मांगून कुरकुर नाई कराची."

एवढ्या बोलीवर शालिग्रामला बोलावणं गेलं होतं.

शालिग्रामचं म्हणणं सरळ होतं. टाकीतून एक इंच खाली आणायचा, न्हाणीपर्यंत पाऊण इंच न्यायचा आणि तोट्यांना अर्धा जोडायचा. "अन् गरम पान्याची लाईन तं सबन अर्ध्याची," तो म्हणाला. "ते जेवढी बारीक तेवढी चांगली."

"अर्धा इंच?" पंजाबरावांनी विचारलं. "अरे बाप्पा, अर्ध्या इंचाची तं माई ठिबकची नळी हाय. संत्र्याच्या झाडाले थेंब थेंब पानी देते ते. घरच्या बाईले ठिबकवर ठेवू का मी?"

"तसं नाई भाऊ. घराचं गनित वायलं रायते."

"पानी ते पानी. त्याले काय समजते, शेत हाय का घर हाय?"

"मंग किती घ्याचा म्हनता?"

"दोन इंच."

शालिग्रामनं पेन्सिल परत कानावर ठेवली. घरामधे दोन इंचाचा पाइप त्यानं आजवर फक्त पाणी बाहेर जायला लावला होता, आत यायला नाही. "भाऊ, सत्तर फूट लाईन हाय," तो म्हणाला. "सोलर पुढं, न्हानी मांगं."

ते खरं होतं. घर रुंदीला बेताचं आणि लांबीला भरपूर होतं. मागच्या छतावर शेजाऱ्याच्या चिंचेची सावली दिवसभर हलत नसे, म्हणून सोलर रस्त्याच्या बाजूला बसवणं भाग होतं. न्हाणी पार मागं, गोठ्याला लागून.

"सत्तर फूट हाय म्हूनच दोन इंच," पंजाबराव म्हणाले. "लांब पल्ल्याले बारीक पाइप टाकते का कोनी? जोर मरते पान्याचा."

शालिग्रामनं टेप काढून माप घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या शिवारात त्याचा स्वतःचा तीन एकराचा तुकडा होता, आणि तिथला पाइप त्यानं पंजाबरावांना विचारूनच घेतला होता.

गरम पाण्याला चालणारा दोन इंची पाइप शेलूबाजारात नव्हता आणि मंगरुळातही नव्हता. वाशीमच्या दुकानदारानं फोनवर विचारलं की हॉटेल बांधता का मंगल कार्यालय. घर आहे म्हटल्यावर त्यानं पाइपाचं माप पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि मग मागवून देतो म्हणाला.

पाइप आला तेव्हा ध्यानात आलं की न्हाणीची भिंत साडेचार इंचाची आहे. अर्ध्या इंचाला बोटभर खाच पुरते, दोन इंचाला निम्मी भिंत लागते. शालिग्राम छिन्नी मारत गेला आणि सकाळी अकराच्या सुमाराला छिन्नीचं टोक पलीकडे स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवरून बाहेर आलं. तनुजा पोळ्या लाटत होती. तिनं टोकाकडे पाहिलं, लाटणं खाली ठेवलं आणि साध्या आवाजात हाक मारली, "मामाजी, शालिग्रामभाऊ इकडं आले."

भिंतीतून जमत नाही म्हटल्यावर लाईन भिंतीवरून न्यायची ठरली. ती पुढच्या खोलीत छतातून उतरली, टीव्हीच्या वरून गेली, मधल्या खोलीत कपाटाला वळसा घालून पुढं सरकली. वाटेत पंजाबरावांच्या वडिलांचा फोटो येत होता, तो हातभर खाली घ्यावा लागला. म्हातारे आता टीव्हीच्या बरोबरीनं आले होते आणि बातम्या लागल्या की तेच सांगताहेत असं वाटत होतं.

संध्याकाळी हर्षल, पंजाबरावांचा मुलगा, जवळच्या मालेगावच्या शाळेतली ड्यूटी संपवून मोटरसायकलवर घरी आला. चपला काढता काढता त्याची नजर वर गेली.

"बाबा, हे काय हाय?"

"लाईन."

"घरातून?"

"मंग का रस्त्यानं नेऊ?"

हर्षलनं बायकोकडे पाहिलं. तनुजानं पाइपाला हात लावून पाहिला. "मामाजी, गरम पानी जाईन याच्यातून, तं वरून पाइपही गरमच होईन ना? पावसाळ्यात कपडे वाळतीन याच्यावर." तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. पाइप गरम होईल तर ती गरमी पाण्यातूनच जाईल, हा पुढचा विचार त्या दिवशी कोणीच केला नाही.

शेवटी शॉवर लावायची वेळ आली. पंजाबरावांनी जेवायच्या ताटाएवढा शॉवर आणला होता, पण त्याची मान अर्ध्या इंचाचीच होती. दोनवरून एकावर आणि एकावरून अर्ध्यावर उतरायला शालिग्रामनं दोन रिड्यूसर जोडले.

"भाऊ, फिरून फिरून अर्ध्यावरच आलो," तो म्हणाला.

"स्प्रिंकलरचं नोझलही बारीकच रायते," पंजाबराव म्हणाले. "मांगून लाईन दमदार पायजे."

आधी थंड्या पाण्याची तोटी उघडून पाहिली. तीही पंजाबरावांच्या हट्टानं एक इंची होती आणि तिला पाणी पुरवणारी लाईनही दोन इंची. बादली भरली तरी शालिग्रामची तंबाखू मळूनही झाली नव्हती. पंजाबरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. असं पाहण्यात त्यांचा हातखंडा होता.

सोमवारी सोलर बसला. दौलतसिंग नावाच्या माणसानं तो बसवला, दोन दिवस कडक ऊन खाऊ द्या म्हणाला आणि मालेगावला निघून गेला. बुधवारी सकाळी पंजाबराव न्हाणीत शिरले. दारात शालिग्राम आणि तनुजा उभे राहिले. शॉवर उघडला, खाली बादली लावली आणि पाण्यात हात धरला.

पाणी थंड होतं.

"येईन," पंजाबराव म्हणाले.

पाच मिनिटं झाली. हिवाळ्याचे दिवस, पंजाबरावांची बोटं पांढरी पडायला लागली. बादली भरली, दुसरी लावली, तीही भरत आली. पाणी जसंच्या तसं थंड होतं, उलट मघापेक्षा जास्तच वाटत होतं. त्यांनी शॉवर बंद केला आणि हात पंच्याला पुसला.

"सोलर बोगस हाय," ते म्हणाले.

दौलतसिंगला मालेगावहून परत यावं लागलं. तो थर्मामीटर घेऊन छतावर चढला, त्याच्या मागं पंजाबराव चढले. त्यानं सोलरच्या तोंडाशीच एक तोटी उघडली, थर्मामीटर धरलं आणि वाचलं, "अठ्ठावन्न."

"थर्मामीटरही तूच आनलं ना," पंजाबराव म्हणाले.

"मंग बोट घाला, काकाजी."

पंजाबरावांनी बोट घातलं. पुढचा काही वेळ ते बोट थंड्या पाण्याच्या तोटीखाली धरून उभे होते. दौलतसिंगनं सामान आवरलं. "आमच्या टाकीतून पानी गरमच निंघते," तो जाताना म्हणाला. "पुढं तुमी त्याले कुठं कुठं फिरवता, ते आमच्या गॅरंटीत येत नाई."

गुरुवार उद्यावर आला होता. पंजाबरावांना घरात बसवेना. ते शेतात गेले. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, त्यांनी मोटर सुरू केली आणि शेवटच्या स्प्रिंकलरपाशी जाऊन सवयीप्रमाणे उभे राहिले. मोटर चालू झाली म्हणून लगेच स्प्रिंकलर फिरत नाही. आधी सगळी लाईन भरावी लागते, पाइप जेवढा मोठा आणि जेवढा लांब तेवढा वेळ. तोवर माणसानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायचं असतं. हे त्यांना वयाच्या पंधराव्या वर्षापासून माहीत होतं.

ते धुऱ्यावर बसले आणि बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं. न्हाणीत जे पाणी येत होतं ते सोलरचं नव्हतंच, लाईनमधे आधीपासून पडून असलेलं होतं. सत्तर फूट, दोन इंच. गरम पाणी मागून येत होतं, पण पुढं एवढं थंड पाणी रांगेत उभं असताना त्याचा नंबर लागायचा कधी? आणि अर्ध्या इंचाच्या लाईनमधे पडून पडून राहणार तरी किती? दोन-चार तांबे. स्प्रिंकलर गर्रकन फिरला आणि पाणी त्यांच्या अंगावर उडालं, तरी ते उठले नाहीत.

घरी येऊन त्यांनी न्हाणीची कडी लावली आणि बादल्यांनी मोजलं. पहिली थंड, दुसरी थंड, तिसरी थंड, चौथी अर्ध्यापर्यंत कोमट, आणि मग एकदम असं कढत पाणी आलं की हात मागं घ्यावा लागला. साडेतीन बादल्या. शालिग्रामला बोलावून आजच्या आज लाईन बदलायची म्हटलं, तर तो मानोऱ्याला साळ्याच्या लग्नाला गेला होता. आणि तो असता तरी त्याला काय सांगायचं होतं? शालिग्राम तोंडानं काही बोलला नसता, पण बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं की पंजाबरावांच्या घरी पाइप मोठा झाला.

गुरुवारी अकरा वाजता निकिताचा फोन आला, "बाबा, महान गाव सोडलं." पंजाबराव उठले आणि न्हाणीत गेले. अर्ध्या तासानं गाडी दारात उभी राहिली तेव्हा चौथी बादली मागच्या वांग्यांच्या वाफ्यात रिकामी करून ते नुकतेच पुढच्या दारात आले होते. त्यांचा सदरा कोपरापर्यंत ओला होता.

"बाबा, हे भिंतीवर काय घोरपडीवानी लांबलं?" निकितानं घरात पाय ठेवताच विचारलं. कस्तुराबाई मात्र पाइपाकडे न बघता वॉकर टेकत, हळूहळू, थेट न्हाणीत गेल्या. त्यांनी तोटी फिरवली आणि पाण्यात हात धरला. वाफ वर आली. त्या किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या. पंजाबरावांनी उगाच खिडकीची कडी तपासली.

"एवढ्या दुरून येते ना पानी," कस्तुराबाई म्हणाल्या. "मंग लगेच कसं आलं?"

"पाइप दोन इंचाचा हाय," पंजाबराव म्हणाले.

संध्याकाळी निकिता एकटीच अकोल्याला परत गेली. पंजाबरावांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. कस्तुराबाई सहाला उठत, म्हणून ते पाचला उठत. न्हाणीला लागून असलेल्या खोलीतच कस्तुराबाईंचा पलंग होता, पण त्या गोळी घेऊन झोपत, त्यामुळं काळजी नव्हती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हे कानाला मफलर गुंडाळून लाईन रिकामी करत. पाणी मोरीत सोडून देणं त्यांना या जन्मी जमलं नसतं. पंचायतीचं पाणी पाचव्या दिवशी येणार, तेही तासभर. आणि भरलेल्या चार बादल्या न्हाणीत ठेवल्या तर कस्तुराबाई विचारणार. मग एकेक बादली उचलायची, मागच्या दारानं न्यायची, पायरी उतरायची, वांग्याच्या वाफ्यात ओतायची आणि परत यायचं. सहाला कस्तुराबाई तोटी फिरवत आणि गरम पाणी हजर असे. नंतर हर्षल आणि तनुजा आंघोळ करत, तोवर लाईन गरमच असे. घरातलं प्रत्येक माणूस दोन इंचाच्या पाइपाचं कौतुक करत होतं.

वांग्यांनीही केलं. रोजच्या चार बादल्या कोणत्या वांग्याच्या नशिबात असतात? पंधरा दिवसांत झाडं अशी लागली की घरात सकाळी वांगं, संध्याकाळी वांगं, मधल्या वेळी भरीत. हर्षल शाळेत मास्तरांना पिशव्या भरभरून देऊ लागला.

"यंदा वांगे लय सुटले," कस्तुराबाई एकदा देठं खुडताना म्हणाल्या. "अन् वाफा नेहमी ओला. कोन पानी देते?"

"दव पडते," पंजाबराव म्हणाले.

कस्तुराबाईंनी मान डोलावली आणि पुढचं वांगं घेतलं.

खरी पंचाईत भागिरथाबाईंमुळं झाली. त्या शेजारच्या. कस्तुराबाईंनी त्यांच्यापाशी पाइपाची एवढी तारीफ केली की एक दिवस दुपारी चार वाजता त्या बघायलाच आल्या. सकाळपासून कोणी तोटी उघडली नव्हती, लाईन थंडगार पडली होती. कस्तुराबाई वॉकर धरून उठू लागल्या.

"बसा जराशा," पंजाबराव घाईनं म्हणाले. "तनुजा, चाय ठेव. भागिरथाबाई, चाय घेतल्याशिवाय उठाचं नाई."

ते आत गेले. न्हाणीची कडी लागल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग मागचं दार करकरलं, मग पुन्हा पाण्याचा. चहा झाला, दुसरा कपही झाला. पंजाबराव घामाघूम आणि गुडघ्यापर्यंत भिजून परत आले आणि म्हणाले, "आता पाहा."

भागिरथाबाईंनी तोटी फिरवली, बोटं भाजून घेतली आणि गालावर हात ठेवला. जाताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "कस्तुराबाई, भाऊजी दोन टाइम आंग धुतात का?"

"त्यायले आता आवड लागली," कस्तुराबाई म्हणाल्या.

आठवड्याभरात शालिग्राम दारात येऊन उभा राहिला. तो अडचणीत दिसत होता. "भाऊ, तुमचं पाहून चार घरचे लोक दोन इंच मागून राह्यले. भागिरथाबाईनं तं नवऱ्याशी बोलनं सोडलं. मी काय सांगू?"

पंजाबरावांनी त्याला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. त्यांची पाठ तीन दिवसांपासून धरली होती आणि पायरी उतरताना उजवा गुडघा कटकन वाजत होता. चार घरांतली चार माणसं पहाटे बादल्या वाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"एका मानसाचं इचारतो," ते म्हणाले. "त्याच्या घरी गरम पानी उशिरा येते."

"किती उशिरा?"

"साडेतीन बकेट."

शालिग्रामनं तंबाखूची डबी काढली, उघडली आणि न खाताच बंद केली. "पाइप किती इंचाचा हाय त्या मानसाचा?"

"ते त्यानं सांगतलं नाई."

"अर्धा टाका म्हना मंग. दोन तांबे थंडं निंघन, का लगेच गरम. चार घंट्याचं काम हाय. भिंतही फोडा लागत नाई, त्याची लाईन भाइरूनच असन."

"भाइरूनच हाय," पंजाबराव म्हणाले. "घरचे लोक नसतानी कराचं हाय त्याले. अन् बाकीच्यायले सांगून दे, दोन इंच बजारात भेटत नाई."

शालिग्राम हसला नाही. त्याबद्दल पंजाबरावांना त्याचे फार उपकार वाटले.

मंगळवार ठरला. त्या दिवशी हर्षल आणि तनुजा आईला गुडघे दाखवायला वाशीमला नेणार होते. साडेनऊला डॉक्टरकडून फोन आला की साहेब बाहेरगावी गेले, गुरुवारी या. हर्षल शाळेत निघून गेला. पंजाबराव त्या वेळी गोठ्यात होते, त्यांना कोणी काही सांगितलं नाही. दहा वाजता शालिग्राम मोटरसायकलला अर्ध्या इंची पाइपांचा जुडगा बांधून आला, तेव्हा कस्तुराबाई ओसरीत खुर्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काय आनलं, शालिग्राम?"

शालिग्रामला खोटं बोलता येत नसे. "पाइप, बाई. लाईन बदलाले आलतो."

"कोनी सांगतलं?"

शालिग्रामनं गोठ्यातून येणाऱ्या पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांनी बायकोला खुर्चीत पाहिलं, मग पाइपांचा जुडगा पाहिला, मग वांग्याच्या वाफ्याकडे पाहिलं. तिथंही आधार नव्हता.

"कायले बदलता?" कस्तुराबाईंनी विचारलं. "तोटी फिरवली का गरम पानी येते. येते का नाई?"

"येते," पंजाबराव म्हणाले.

"तुमीच सांगतलं ना मले, दोन इंच हाय म्हून लगेच येते. मंग आता अर्धा काहून?"

"तसं नाई. शालिग्रामचं म्हननं हाय का..."

"शालिग्रामचं तवा आयकलं होतं का?"

"नाई."

"मंग आता कायले आयकता? राहू दे, शालिग्राम. लाईनले हात नाई लावाचा. निदान यंदाचा हिवाळा तं जाऊ दे."

शालिग्रामनं दोघांकडे एकदा पाहिलं, चहा घेतला आणि जुडगा परत मोटरसायकलला बांधून निघून गेला. पंजाबराव ओसरीच्या कडेला टेकले. पाठ ठणकत होती. उद्या पाचला उठायचं होतं, परवाही उठायचं होतं, आणि होळी अजून दीड महिन्यावर होती. तरी आत कुठंतरी त्यांना बरं वाटत होतं. प्लंबर समोर उभा असताना बायकोनं प्लंबरचं नाही, नवऱ्याच्या पाइपाचं ऐकलं होतं. एवढा विश्वास त्यांच्यावर घरात पूर्वी कोणी टाकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी मूठभर शेंगा घेतल्या आणि तेही सोलू लागले.

बराच वेळ टोपलीत दाणे पडत राहिले.

"आयकलं का," कस्तुराबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या. "सकायी ते तिसरं बकेट पायरीवर जराक दमानं ठेवत जा. पयल्या दोनाले लय गोड झोप लागते मले. तिसऱ्यानं मोडते."